दोन औंध, एक मत

औंध दोन आहेत. एक पुण्यातलं. तिथे रविवारी सकाळी कॅफेबाहेर वेटिंग असतं, पार्किंग मिळालं तर लॉटरी लागल्यासारखं वाटतं आणि टू बीएचकेचे भाव ऐकून आईबाबा पाणी मागतात. दुसरं सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. मी दुसऱ्यातून पहिल्यात आले. त्यामुळे ऑफिसात कुणी 'कुठली गं तू?' म्हणून विचारलं की 'औंधची' एवढंच सांगून भागत नाही. 'म्हणजे परिहार चौकाजवळ का?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. 'नाही, ओरिजिनल औंध' असं म्हटलं की लोक हसतात. मीही हसते. ओरिजिनल कुठलं, हे काही मी शोधून काढलेलं नाही. नावं सारखी आहेत, एवढंच.

आत्तापर्यंत ही गंमत होती. मागच्या वर्षी पुण्यातल्या औंधात छोटासा फ्लॅट घेतला, होम लोनचा पहिला हप्ता गेला आणि प्रश्न आला मतदार यादीचा. माझं नाव गावच्या यादीत होतं. अठराव्या वर्षी पप्पांनी हाताला धरून नेऊन घातलेलं. कायदा म्हणतो, जिथे राहता तिथे नाव. फॉर्म नंबर ८ भरायचा, पत्ता बदलायचा, दहा मिनिटांचं काम. मी फोनवर पप्पांना सहज सांगितलं. पलीकडे शांतता. मग म्हणाले, ''तिथं तुझ्या मतानं काय हलणार आहे? इथं एका मतानं माणूस पडतो.''

हे खरं आहे! ग्रामपंचायतीच्या वॉर्डात काहीशे मतं असतात. एका मताने हार-जीत होते. समसमान झाली तर चिठ्ठी टाकतात. निकाल लागल्यावर कुणाचं मत कुणाला गेलं याचा हिशेब पारावर बसून नावानिशी मांडतात, आणि तो बऱ्यापैकी बरोबर असतो. उलट पुणे महापालिकेत ४१ प्रभाग. एकेका प्रभागात ऐंशी-नव्वद हजार लोक आणि त्यांचे चार नगरसेवक. त्यात माझं एक मत म्हणजे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये एक स्कूटी.

पण पप्पांच्या त्या वाक्यात नुसता हिशेब नव्हता. आमच्या औंधाला मत या गोष्टीबद्दल जरा जास्तच माया आहे. का, ते सांगायचं तर गावात जावं लागेल.

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. रहिमतपूर मागे पडलं की हिरवा रंग हळूहळू उतरायला लागतो. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सह्याद्रीने ढग तिथेच अडवले की आमच्या वाट्याला जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. जिल्हा एकच, पण एकीकडे छत्री वाळत नाही आणि दुसरीकडे छत्री विकत घ्यायचा विचारही कुणी करत नाही. खटाव-माण म्हणजे ज्वारी, बाजरी, मेंढरं आणि मुंबईला गेलेला एक तरी काका. या उघड्याबोडक्या माळावर एक डोंगर उठलेला आहे. वर यमाईचं मूळपीठ. पायऱ्या चढून जा किंवा गाडीने जा, देवीला दोन्ही चालतं. खाली गावातही यमाईचं देऊळ आहे आणि त्याच्यासमोर मान मोडेपर्यंत बघावी अशी दगडी दीपमाळ. पौषात यात्रा भरते, तेव्हा मी कुठलीही डेडलाइन गुंडाळून जाते.

डोंगराच्या अर्ध्या वाटेवर भवानी संग्रहालय आहे. १९३८ साली उभं राहिलेलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, असेल जुन्या तलवारी-भांड्यांचं काहीतरी. आत राजा रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत. आणि हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड'! ज्या शिल्पकारासाठी लोक लंडनला तिकीट काढतात, तो खटाव तालुक्यात. शाळेच्या सहलीला आम्हाला कुठे लांब न्यायचेच नाहीत, इथेच आणायचे. सहावीपर्यंत मी हेन्री मूरला तीन वेळा भेटले होते आणि तिन्ही वेळा त्याच्यासमोर उभं राहून चिवडा कधी वाटतात याची वाट बघितली होती.

एवढ्याशा गावात हे सगळं आलं कुठून? गाव कधीकाळी राजधानी होतं म्हणून. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना 'प्रतिनिधी' हे पद निघालं, अष्टप्रधानांच्याही वरचं. पुढे ते परशुराम त्र्यंबक यांच्या घराण्यात आलं आणि त्यांचे वंशज म्हणजे औंधचे पंतप्रतिनिधी. इंग्रजी अमलात हे छोटं संस्थान राहिलं. छोटं म्हणजे किती? क्षेत्रफळ सुमारे पाचशे चौरस मैल, गावं ७२. तीही सलग नाहीत. औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल खाली कृष्णाकाठच्या बाजूला आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे. मधे सगळा इंग्रजांचा नाहीतर दुसऱ्या संस्थानिकांचा मुलूख. नकाशावर बघितलं तर चहा सांडल्यासारखे चार डाग. आज ते डाग दोन राज्यांत आणि तीन जिल्ह्यांत पडतात.

माझ्या आजीचं माहेर आटपाडीकडचं. नव्वदीला आलेली आहे. ती सांगते, 'आम्ही औंधवाले.' म्हणजे गाव नव्हे, संस्थान. पासपोर्ट असता तर तिने तसाच काढला असता.

आजीच्या बोलण्यात राजा म्हणजे बाळासाहेब. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, १९०९ साली गादीवर आले. हा गृहस्थ म्हणजे अजब रसायन होतं. स्वतः चित्रं काढायचे. कीर्तन करायचे. सूर्यनमस्काराचं तर वेडच. संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे, आणि मुलींनाही सुट्टी नाही. आजीचा गुडघा आता वाकत नाही, पण बसल्या बसल्या हातांनी सगळ्या अवस्था करून दाखवते. आज आपण ज्यासाठी ॲपचं सबस्क्रिप्शन भरतो ते तिने ज्वारीच्या भाकरीवर केलं. १९१० साली बेळगावातून बस्तान हलवावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, त्याची किर्लोस्करवाडी झाली. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा पैसा आणि चित्रं दोन्ही पुरवणाऱ्यांत हेच. एकूण काय, तिजोरी लहान आणि हौस मोठी.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट त्यांनी सत्तरीला आल्यावर केली. राज्य देऊन टाकलं.

म्हणजे अक्षरशः. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की कारभार प्रजेच्या हाती द्यायचा. काळ बघा. देशात सहाशेच्या आसपास संस्थानं होती. बहुतेकांच्या दारात प्रजा परिषदा आंदोलन करत होत्या आणि बहुतेक राजे दार लावून बसले होते. इथे राजा स्वतःच दार उघडून उभा. त्यामागे दोन माणसं होती. एक त्यांचा मुलगा अप्पासाहेब, ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन नुकताच परतलेला, वय वर्षं सव्वीस. (सव्वीसाव्या वर्षी मी अप्रेझलसाठी रडत होते.) दुसरा मॉरिस फ्रीडमन, पोलंडमधला ज्यू इंजिनिअर. बंगळुरात सरकारी इलेक्ट्रिक कारखाना चालवायला आला आणि भगवी वस्त्रं घालून 'भारतानंद' झाला. पुढे निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचं 'आय ॲम दॅट' हे इंग्रजी पुस्तक ज्याने केलं, तोच हा. ही मंडळी सेवाग्रामला गांधीजींकडे गेली. राजाला राज्यघटना लिहून हवी होती आणि ती कशी असावी हे गांधीजींनी सांगितलं. वरून खाली नको, खालून वर.

२१ जानेवारी १९३९ ला ही घटना लागू झाली. तिचा फंडा एकदम सोपा होता. गावाने आपल्यातल्या पाच जणांची पंचायत निवडायची. गावोगावच्या पंचायतींच्या अध्यक्षांनी मिळून तालुक्याचा कारभार बघायचा. तालुक्यांनी आपली माणसं वर विधिमंडळात पाठवायची. महसुलातला मोठा वाटा गावांकडे परत यायचा. तंटे शक्यतो गावातच, गावासमोर मिटवायचे. राजाने आपला खर्च आटोक्यात ठेवायचा. अप्पासाहेबांनी गावोगाव हिंडून ही यंत्रणा चालती करायची.

आपल्याला यात आज काही नवल वाटत नाही, कारण पंचायत राज आपण नागरिकशास्त्राच्या २० मार्कांत संपवलेलं आहे. पण हिशेब करा. अख्ख्या देशात सगळ्या प्रौढांनी पहिल्यांदा मत दिलं १९५१-५२ मध्ये. पंचायतींना राज्यघटनेत पक्की जागा मिळाली ७३ व्या दुरुस्तीने, १९९३ मध्ये. आणि इथे १९३९ मध्ये, दुष्काळी माळावरच्या ७२ गावांत, जिथे वाचता येणारा माणूस शोधावा लागे, तिथे लोक एकत्र बसून विहीर आधी की शाळा आधी हे ठरवत होते.

मला या गोष्टीत खरी रंगत राजाच्या त्यागात वाटत नाही. राजांचे त्याग सांगायला आपल्याकडे भाट भरपूर आहेत. मला रंगत वाटते ती त्या पाच जणांची. विचार करा, काल संध्याकाळपर्यंत ज्याला 'सरकार' समोर दिसलं की पागोटं सावरायचं एवढंच माहीत, त्याला सकाळी सांगितलं, की आता हे पैसे तुमचे, बोला काय करू या. तो काय बोलला असेल पहिल्यांदा? बहुधा काहीच नाही. आजी म्हणते, तिच्या वडिलांच्या पिढीतले लोक सभेला जायचे आणि पहिल्या दोन-तीन सभांत नुसते तंबाखू मळत बसायचे. मग एकदा कुणीतरी रस्त्यावरून भांडला. त्यानंतर मात्र थांबवणं कठीण झालं! आमच्या भागात आजही सभेत कुणी गप्प बसत नाही, त्याचं मूळ कदाचित तिथे असावं. माझी थिअरी आहे, पुरावा मागू नका.

याच मंडळींनी आटपाडीजवळ आणखी एक अचाट गोष्ट केली, स्वतंत्रपूर. कैद्यांना भिंतींशिवाय ठेवायचं, शेती करू द्यायची, कुटुंब आणू द्यायचं. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) त्यावरूनच सुचलेला. तो लिहिणारे गदिमा याच मुलखातले, औंधच्या शाळेत शिकलेले. मुक्त वसाहत आजही आहे. बेचाळीसच्या धामधुमीत संस्थानाचा आणखी एक उपयोग झाला. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ माणसं गेली. वडूज इंग्रजी हद्दीत आणि औंध हाकेच्या अंतरावर, पण वेगळ्या राज्यात. नाना पाटलांच्या प्रतिसरकारातले भूमिगत संस्थानी हद्दीत शिरले, की इंग्रजी पोलिसांना परवानग्यांचे कागद रंगवत बसावं लागे. चहाच्या डागांसारखा तो नकाशा असा कामाला आला.

८ मार्च १९४८ ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. अप्पासाहेब राजदूत म्हणून जगभर फिरले. औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ आपापल्या वाटांनी गेले. घटना कागदांत गेली. उरलं एक गाव, आणि आता त्याला तहसीलच्या कामाला जावं लागतं ते वडूजला. राजधानीने तालुक्याला जायचं! गावातली जुनी खोडं हे वाक्य असं म्हणतात, की वडूजच्या माणसाने ऐकलं तर चहा अर्धा ठेवून उठेल.

आजचा कारभार इतर गावांसारखाच, १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने चालणारा. सदस्य सात ते सतरा, गावाच्या लोकसंख्येप्रमाणे. अर्ध्या जागा बायकांच्या, २०११ पासून. सरपंच थेट लोकांतून, हे मात्र २०१७ ला आलं, २०२० ला गेलं, २०२२ ला परत आलं. सरकार बदललं की सरपंच निवडायची रीत बदलते, त्यामुळे गावात म्हण पडायची तेवढी बाकी आहे. आणि ग्रामसभा. गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. कोरमला १५ टक्के किंवा शंभर माणसं, यातलं जे कमी असेल ते. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब. तहकूब सभेला मग कोरम लागत नाही. हा नियम ज्याने शोधला त्याला गावाची नस कळलेली होती.

गेल्या वर्षी मी सुट्टी जोडून गेले होते आणि पप्पांबरोबर सभेला बसले. पप्पा निवृत्त शिक्षक, त्यामुळे पहिल्या रांगेत. बायका एका बाजूला, मागे पोरं मोबाइलवर. विषयपत्रिका वाचली जात होती आणि कुणी ऐकत नव्हतं. मग दिव्याच्या खांबाचा विषय निघाला. खांब एकच मंजूर, वस्त्या दोन. एक मावशी उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, ''आमच्या पोरी सातच्या यष्टीनं येत्यात. तुमच्या तिथं गोठा हाय. म्हशीला वाचायचं हाय का?'' सगळी सभा हसली. गोठेवालाही हसला. खांब कुठे लावायचा ते ठरलं. पाच मिनिटं. पीपीटी नाही, फॉलोअप मेल नाही, 'लेट्स टेक इट ऑफलाइन' नाही.

सगळं असंच गोड असतं असं समजू नका. भावकी असते, जुनी भांडणं असतात, कुणाच्या तोंडावर कुणी बोलायचं याचे न लिहिलेले नियम असतात. लहान गावात मत देणं सोपं आणि मत मांडणं अवघड. ज्याच्याशी वाद घालायचा त्याच्याच दुकानातून सकाळी दूध आणायचं असतं. पण त्या मावशींना माहीत होतं, कुठे उठायचं, कुणासमोर उठायचं आणि उत्तर कुणी द्यायचं.

आता हे दुसरं औंध. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं एक झाकण आहे, म्हणजे होतं. त्याच्यासाठी मी एका कचेरीतून दुसरीत आणि दुसरीतून हेल्पलाइनवर गेले. तक्रारीचा नंबर मिळाला. नंतर 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा मेसेजही आला. झाकण काही आलं नाही. कुणाला विचारायचं? पुण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली पावणेचार वर्षं अख्ख्या शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती. एवढ्या काळात आमच्या सोसायटीत दोन जिम इन्स्ट्रक्टर बदलले आणि त्यावर वादळी चर्चा झाली. नगरसेवक नाहीत, ही गोष्ट लिफ्टमध्येसुद्धा निघाली नाही.

कायद्यात सोय नाही असं नाही. महापालिका कायद्यात २००९ साली 'क्षेत्र सभा' आली. शहरातल्या मतदारांची, ग्रामसभेसारखी. मी आमच्या मजल्यावरच्या चार घरांत विचारलं, कुणी कधी गेलंय का? एक जण म्हणाला, 'हो हो, मे महिन्यात होती ना, गच्चीवर.' ती सोसायटीची एजीएम होती.

तर पप्पा म्हणतात त्यात तथ्य आहे. तिथे माझं मत दिसतं, इथे विरघळतं. पण गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला ऑफिसच्या कॅबमधून उतरून त्या उघड्या भोकाला वळसा घालताना मला त्या मावशी आठवल्या. त्या गावच्या खांबाबद्दल बोलल्या, कारण त्यांच्या पोरी त्या रस्त्याने येतात. मी गावच्या रस्त्याने वर्षातून चारदा जाते, आणि या रस्त्याने रोज. गावच्या खांबावर मी मत द्यायचं आणि इथल्या भोकाला रोज वळसा घालायचा, हे काही मला पटेना. बाळासाहेबांची ती पाच माणसंसुद्धा गावात राहणारीच होती. मुंबईच्या चाळीत राहून औंधची पंचायत चालवणारी नव्हती.

फॉर्म ८ भरला. पप्पांना सांगितलं. दोन दिवस त्यांनी गुड मॉर्निंगचा फोटो पाठवला नाही, यावरून काय ते समजा. तिसऱ्या दिवशी फोन आला, पण बोलायला आजी होती. तिला ऐकू कमी येतं, म्हणून ती ओरडून बोलते.

''नाव काढलंस म्हणं.''

''काढलं नाही आजी, इकडं आणलं.''

''बरं. मग तिथं सभा कवा असती?''

मी सांगितलं, बघते, विचारते, कळवते. आजी म्हणाली, ''विचारती कुणाला? सांगायचं, बसा म्हणून.''

त्या रात्री मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला : रविवारी सकाळी दहा वाजता, पार्किंगमध्ये, विषय ड्रेनेजचं झाकण आणि गल्लीतले बंद दिवे, प्रभागातल्या चारही नगरसेवकांना बोलावणं धाडणार आहे, कोण कोण येतंय? २२० फ्लॅट्स. सकाळपर्यंत अकरा अंगठे आले, एका काकांनी विषयपत्रिकेत भटकी कुत्री घाला म्हणून आग्रह धरला आणि 'ए' विंगमधल्या एकाने विचारलं, नाश्त्याला मिसळ आहे का?

मी लिहिलं, आहे.